वजीर गेल्यावर राजाचे गुणांकन
बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम राजा कोणत्या घरात आहे यावरून गुण देतो, आणि त्यासाठी प्रत्येक घराचे गुण सांगणारे दोन तक्ते ठेवतो: पहिल्यात राजा कडेला सुरक्षित असणे चांगले, तर डावाच्या अखेरीसाठीच्या दुसऱ्यात मध्यभागी येणे चांगले. वजीर पटावरून गेले की प्रोग्रॅम राजासाठी लगेच दुसरा तक्ता वापरतो, असे म्हटले जाते; ते अर्धेच खरे आहे. तसे केल्यास एका अदलाबदलीने गुणांकन एकदम उसळी घेते आणि प्रोग्रॅम ती अदलाबदल विनाकारण टाळू लागतो. म्हणून असे तक्ते वापरणारे बहुतेक प्रोग्रॅम दोन्ही तक्त्यांतील गुण उरलेल्या मोहऱ्यांच्या प्रमाणात मिसळतात.

शिवाय राजा मध्यभागी आला एवढ्याने भागत नाही. २०२० मध्ये न्यूरल नेटवर्क स्वीकारण्यापूर्वीच्या स्टॉकफिश या प्रोग्रॅममध्ये, पुढे सरकलेल्या मुक्त प्याद्याच्या (ज्याची वाट प्रतिस्पर्ध्याचे कोणतेही प्यादे अडवू शकत नाही अशा प्याद्याच्या) समोरच्या घरापासून दोन्ही राजांचे अंतर मोजले जाई, आणि त्यात प्रतिस्पर्धी राजाच्या अंतराला दुपटीहून अधिक वजन होते. पांढरे प्यादे बी६ वर असताना काळ्या राजाला मध्यभागच्या ई५ पेक्षा त्या प्याद्यासमोरचे बी७ मोलाचे, मग तक्ता काहीही सांगो.