मदत हवी आहे: ओट्याच्या जुन्या दगडाची दुरुस्ती आणि पॉलिश, कारागीर कसा पारखावा? (पुणे)

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आईच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याबद्दल सल्ला हवा आहे, आणि शक्य असेल तर पुण्यातला खात्रीचा माणूसही. इमारत १९९१ सालची, ओटाही तेव्हाचाच. एल आकाराचा, काळ्या दगडाचा, पुढच्या कडेला हाफ राउंड मोल्डिंग, खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्यांचा आधार.

सगळ्यात काळजी आहे ती भेगेची. सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत तिरकी गेली आहे, नखाला लागते. ओटा पुसून कोरडा केला तरी ती रेघ बराच वेळ ओली दिसते. दुसरं म्हणजे शेगडीच्या उजव्या हाताला, जिथे चिरणं-पिळणं चालतं, तिथली चकाकी पूर्ण गेली आहे. लिंबू, चिंच, कोकम, सगळं तिथेच होतं. डाग म्हणावा तर तसा रंग नाही, नुसता पांढुरका फिकेपणा. नळाभोवती बोअरच्या पाण्याची खरपुडी आहे ती वेगळीच.

जो येतो तो म्हणतो, तोडा आणि नवीन टाका. आम्हाला ते नको आहे. ओट्याची उंची आईच्या बांध्याला बेतून केलेली आहे, तिचा हात तिथे बसलेला आहे. तोडायला घेतलं की ओट्यामागच्या भिंतीवरच्या (डाडोच्या) टाइल्स फुटणार, आणि तशा टाइल्स आता मिळत नाहीत. शिवाय एक भेग सोडली तर दगड धडधाकट आहे. चांगली वस्तू दुरुस्त होत असेल तर ती काढून टाकायला मन घेत नाही.

आतापर्यंतचा अनुभव असा. एकाने फोनवरच चौरस फुटाचा भाव सांगितला, दगड कोणता हे विचारलंसुद्धा नाही. दुसरा येऊन गेला, ‘ग्रॅनाइट आहे’ म्हणाला, कोपऱ्यात कसलंसं द्रावण चोळून चमकवून दाखवलं. ती चमक चार वेळा पुसल्यावर गेली. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका दुकानात ‘भेगेत आरल्डाइट भरून टाका, नाहीतर क्वार्ट्झ घ्या’ असं उत्तर मिळालं. एकानेही सिंकखालचं दार उघडून खालून बघितलं नाही.

ग्रॅनाइटवर लिंबाचा परिणाम होत नाही असं ऐकलं आहे, मग हा फिकेपणा कशाने? भेग भरल्यावर टिकते का? आणि मुख्य म्हणजे, माणूस जाणकार आहे हे काम देण्याआधी कसं ओळखायचं? ज्यांनी असं काम करून घेतलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

दगडाच्या कामात बरीच वर्षं होतो म्हणून लिहितो. लिंबाने फिका पडला असेल तर तो ग्रॅनाइट नसण्याचीच शक्यता जास्त. नव्वदच्या आसपास पुण्या-मुंबईत कितीतरी ओटे पॉलिश केलेल्या कडप्प्याचे झाले. कडप्पा म्हणजे काळा चुनखडक, आंध्रातल्या ज्या जिल्ह्यातून येतो त्याचंच नाव त्याला पडलं. कोटा आणि शहाबादही चुनखडकच, आणि संगमरवरही त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा. आंबट पदार्थ त्याच्याशी रासायनिक क्रिया करून वरचा थर किंचित खातो. तो डाग नाही, दगडच झिजलेला आहे, त्यामुळे कुठल्याही साबणाने किंवा डागकाढूने निघणार नाही. घासून पुन्हा पॉलिश करणं हाच उपाय.

खात्री घरीच करता येते. सिंकच्या आतल्या बाजूला, जिथे दगडाची कापलेली कड दिसते, तिथे बघा. ग्रॅनाइट असेल तर खडीसाखरेसारखे कण चमकतात. कडप्पा एकसारखा, बारीक पोताचा, करडा दिसतो. मग न दिसणाऱ्या जागी लिंबाचा एक थेंब पाच-दहा मिनिटं ठेवून पुसा. ती जागा फिकी पडली तर चुनखडक. तिथेच स्टीलच्या सुरीचं टोक ओढा: चुनखडकाची कठिणता ३ च्या आसपास, सुरीची साधारण साडेपाच, ग्रॅनाइटची ६ ते ७. म्हणजे कडप्प्यावर चरा उठेल, ग्रॅनाइटवर उलट स्टीलचीच रेघ उमटेल. हलक्या ग्रॅनाइटला काळा रंग चढवलेलाही असतो, म्हणून पांढऱ्या फडक्यावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन चोळून बघा, फडकं काळं होतंय का.

तोपर्यंत नळाभोवतीच्या खरपुडीला अ‍ॅसिड, व्हिनेगर, संडास साफ करायचं द्रावण काहीही लावू नका. खरपुडी आणि कडप्पा दोन्ही एकाच घटकाचे, एक विरघळेल तर दुसराही विरघळेल. ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडा.

भेगेचं वेगळं. सिंकच्या पुढची पट्टी जेमतेम चार बोटं रुंद असते, सगळ्या ओट्यातली सर्वांत अशक्त जागा तीच. कडेवर नारळ फोडणं, खलबत्ता तिथे ठेवून कुटणं याने तिथेच तडकतं. पण बहुतेक वेळा मूळ कारण खाली असतं: आधाराचा कडप्पा हललेला, नाहीतर सिंकखालचा लोखंडी अँगल गंजून फुगलेला. गंज फुगतो तसा दगड वर उचलला जातो. तो अँगल बदलल्याशिवाय वरून काहीही भरलं तरी शेजारून पुन्हा फुटेल. जो माणूस आधी गुडघ्यावर बसून टॉर्चने खालून बघेल त्याच्याशी पुढचं बोला.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. क्वार्ट्झबद्दल, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम दगडाबद्दल, थोडं लिहिते, कारण हल्ली सगळे तेच सुचवतात. त्यात ९० टक्क्यांच्या वर क्वार्ट्झचा चुरा असू शकतो आणि तो रेझिनने बांधलेला असतो. तापलेला कुकर थेट ठेवला तर रेझिन पिवळं पडतं आणि ते घरी पॉलिश करून सुधारत नाही. ते कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगारांच्या फुप्फुसात कायमची बसते. त्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाचे इतके रुग्ण निघाले की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

धुळीची काळजी तुमच्या कामातही घ्या. माणूस कोरडं ग्राइंडर चालवणार असेल तर नको म्हणा. पाणी सोडून घासणारं मशीन हवं. खऱ्या ग्रॅनाइटमध्येही सिलिका भरपूर असते. कडप्प्यात कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. तुमच्या आईंना कामाच्या दिवसांत दुसरीकडे न्या, आणि काम करणाऱ्याच्या तोंडाला नुसता रुमाल नको, नीट मास्क आहे ना ते बघा. तो रोज हेच काम करतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आज सगळं करून बघितलं. लिंबाच्या थेंबाची जागा फिकी पडली, सुरीचा चरा उठला, कापलेली कड आतून करडी आहे. कडप्पाच. फडक्यावर रंग आला नाही. सिंकखाली अँगल आहे आणि तो खरंच गंजून पापुद्रे सुटलेला आहे. इतकी माणसं येऊन गेली आणि ‘ग्रॅनाइट’चा भाव सांगून गेली, याचं वाईट वाटतं.

आता विचारायचं ते एवढंच: काम ठरवताना काय काय बोलून घ्यावं? चौरस फुटाने द्यावं की उक्तं? आणि कडप्प्याला पूर्वीसारखी चकाकी येईल का?

प्रतिसाद १

एवढ्या लहान कामाला उक्तंच बरं. चौरस फुटाचा भाव कमी सांगून नंतर मोल्डिंगचे, भेगेचे, सिंक काढण्या-बसवण्याचे वेगळे पैसे लावतात. हे सगळं धरून एक आकडा कागदावर घ्या. आधी अँगल बदलणं, मग भेग, मग पॉलिश, हा क्रम त्यात लिहून घ्या.

भेगेसाठी आधी ती आतून स्वच्छ आणि पूर्ण कोरडी व्हायला हवी. तुमची भेग पाणी धरून ठेवते, म्हणजे सिंकचा वापर काही दिवस बंद ठेवावा लागेल. ओल्या भेगेत भरलेलं काहीच धरत नाही. पातळ इपॉक्सी काळ्या रंगाने मिसळून भेगेत मुरवतात, वर थोडं जास्त ठेवतात आणि वाळल्यावर दगडाबरोबर घासून सपाट करतात. ‘पॉलिएस्टर मॅस्टिक (दगडाच्या भेगा भरायची लांबी) भरतो’ म्हणाला तर सिंकजवळ ते नको, ओलीत ते सुटतं. बारीक रेघ जवळून दिसेलच. ‘दिसणारच नाही’ असं सांगणाऱ्यापेक्षा ‘थोडी दिसेल, पण नखाला लागणार नाही’ म्हणणारा बरा.

पॉलिशला एकच प्रश्न विचारा: ‘हिऱ्याचे पॅड कितव्या नंबरपासून कितव्यापर्यंत लावणार?’ नंबर जितका मोठा तितकं पॅड बारीक. तुमच्या फिक्या जागेला साधारण २०० पासून ४००, ८००, १५००, ३००० असं एकेक चढत जावं लागेल. मधला नंबर गाळला की आधीचे चरे राहतात आणि उन्हाच्या तिरिपीत दिसतात. जो नंबर न सांगता ‘केमिकलने करतो’ म्हणतो तो मेण किंवा लॅकरचा थर देणार, तुम्ही कोपऱ्यात बघितलात तसाच. आधी शेगडीमागच्या वीतभर जागेवर नमुना करून घ्या, तो दोन दिवस रोजच्यासारखा पुसा, मगच बाकीचं काम.

चकाकी येईल, पण आरशासारखी मागू नका. लिंबू-चिंच सुटणार नाही तोवर तशी चकाकी राहणारही नाही. मी तर ८०० वर थांबायला सांगेन. तुळतुळीत, मंद दिसतं, आणि पुढचे आंबटाचे ठिपके त्यावर फारसे उठून दिसत नाहीत. फक्त फिकी जागाच घासली तर ठिगळ दिसेल, म्हणून एल ची ती पूर्ण बाजू सिंकपासून कोपऱ्यापर्यंत एकसारखी करून घ्या. शेवटी दगडात मुरणारा सीलर. त्याने तेल-हळद शोषली जाणार नाही. आंबटापासून मात्र सीलर वाचवत नाही, त्यामुळे चिरण्या-पिळण्याला खाली लाकडी पाट हवाच.

आणि एक राहिलं. घासताना जो काळा राडा निघतो तो सिंकमध्ये किंवा नहाणीत सोडू देऊ नका. तो ट्रॅपमध्ये बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत गोळा करायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून गाळ पिशवीत भरून न्यायचा. हेही कागदावर लिहून घ्या.

धागाकर्ता

सगळं उतरवून घेतलं. आईला वाचून दाखवलं, मंद चकाकी तिला चालणार आहे. अँगलसाठी फॅब्रिकेटरला उद्या बोलावतो. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागात कुणी कडप्प्याचा ओटा असा दुरुस्त करून घेतला असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाव नंतर बघू, आधी झालेलं काम येऊन बघायचं आहे, शक्यतो वर्षभर वापरलेलं.