होम्सला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

परवा भाच्यानं अडवलं. सातवीत आहे, सुट्टीला आमच्याकडे अमळनेरला आलाय, आणि कपाटातलं शेरलॉक होम्सचं जुनं मराठी भाषांतर त्याच्या हाती लागलंय. म्हणाला, "मामा, हा गुप्तहेर ना? मग याचा पत्ता अख्ख्या लंडनला कसा ठाऊक? लोक सरळ जिना चढून याच्या खोलीत येतात." मी उत्तर जुळवतोय तोवर खाटेवरून आबा म्हणाले, "त्यानं काय गुपित शे? वकिलासारखा बसेल शे तो!"

आबांचं बरोबर आहे. 1887 सालच्या पहिल्या कादंबरीतच होम्स स्वतःचा धंदा सांगतो तो सल्लागाराचा. पोलीस अडले, खासगी माणसं अडली, की त्याच्याकडे येतात. हेर म्हणजे शत्रूच्या गोटात शिरून बातमी काढणारा. बहिर्जी नाईक हेर. आणि हेर गुप्त असायचाच, उघडा हेर कोण ठेवेल? म्हणजे 'गुप्तहेर' हा मुळात पिवळा पीतांबर, आणि तो आपण नेसवला कुणाला, तर भर रस्त्यावर बिऱ्हाड थाटून बसलेल्या माणसाला.

गंमत अशी की 'हेरणे' हे क्रियापद मात्र होम्सला तंतोतंत बसतं. आमच्याकडे बैलबाजारात जोडी हेरतात. नुसती बघत नाहीत. खूर, दात, चाल, वशिंड, सगळं नजरेत साठवतात आणि मग दलालाशी बोलतात. 1891 च्या एका कथेत होम्स त्याच्या सोबत्याला, वॉटसनला विचारतो, हॉलमधून वर येणारा जिना तू किती वेळा पाहिलास? शेकडो वेळा. मग पायऱ्या किती? वॉटसन गप्प. सतरा आहेत. तिथलं होम्सचं वाक्य भाषांतरांत बहुधा 'तू पाहतोस, पण निरीक्षण करत नाहीस' असं येतं. 'निरीक्षण' म्हटलं की मला शाळा तपासायला आलेले साहेब दिसतात. 'तू बघतोस, हेरत नाहीस' असं का नको?

इंग्रजीतही 'डिटेक्टिव्ह' हा शब्द फार जुना नाही. एडगर ॲलन पोची पॅरिसमधल्या खुनांची कथा 1841 ची, आणि लंडन पोलिसांची डिटेक्टिव्ह शाखा निघाली 1842 ला. म्हणजे गोष्ट आधी आली, धंद्याचं नाव मागून रुळलं. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'झाकण काढणं' आहे.

बंगालीत हीच अडचण व्योमकेश बक्षीला आली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या या नायकाला 'डिटेक्टिव्ह' ऐकायला बरं वाटत नाही आणि 'गोयेंदा' त्याहून वाईट वाटतो, म्हणून दारावरच्या पाटीवर तो 'सत्यान्वेषी' लिहितो. 1993 ला बासू चटर्जींची मालिका दूरदर्शनवर लागायची तेव्हा हा शब्द घराघरात पोचला. (आमची आजी आसोद्याकडची, लेवा बोलीतली. तिच्याकडे विहिरीला 'येहेर' म्हणतात. मालिका चालू असताना कुणीतरी 'गुप्तहेर' म्हणालं, तर ही म्हणते, "कोन्ती येहेर रे बाबा?" तेव्हापासून घरात व्योमकेश झालेल्या रजित कपूरचं नाव 'गुप्त येहेर'.)

तर प्रश्न असा: तुम्ही कोणता शब्द वापराल? आणि 'डिटेक्टिव्ह'च ठेवा म्हणणाऱ्यांनी निदान कारण द्यावं.

भुसावळकरीण

दादा, एक दुरुस्ती. होम्स एका गोष्टीत खराखुरा गुप्तहेर आहे. 1917 ला आलेल्या एका कथेत, ऑगस्ट 1914 चा प्रसंग. निवृत्त होऊन मधमाश्या पाळणारा होम्स दोन वर्षं आयरिश-अमेरिकन माणूस म्हणून वावरतो आणि जर्मन हेराला गळाला लावतो. तेवढ्यापुरता तुमचा पीतांबर त्याला नेसवायला हरकत नाही.

भाषांतराचं म्हणाल तर माझी तक्रार पडद्याशी आहे. होम्सच्या तोंडी ते प्रसिद्ध 'एलिमेंटरी, माय डियर वॉटसन' घातलं जातं. मूळ कथांमध्ये हे वाक्य सलग कुठेच नाही, ते नाटक-सिनेमानं रुळवलं. आणि मराठी करताना लोक लिहितात 'हे प्राथमिक आहे, वॉटसन'. मला जिल्हा परिषदेची शाळाच दिसते! 'सोपं तर आहे रे' म्हटलं की झालं. ॲगाथा ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह पॉयरो, त्याच्या मेंदूतल्या 'करड्या पेशीं'चंही तेच. आपल्याकडे नजर करडी असते आणि तेल करडईचं. टीव्हीवरचा पॉयरो, डेव्हिड सुशे, 1989 ते 2013 इतकी वर्षं डोक्याला बोट लावून ते सांगत राहिला, पण मराठीत तो माणूस फक्त 'डोकं चालवा' म्हणाला असता.

धुळेकर

'सत्यान्वेषी'चं सरळ मराठी 'सत्यशोधक' होतं, पण तो शब्द 1873 पासून जोतीरावांच्या समाजाचा आहे. आमच्या धुळ्यात तर सत्यशोधक म्हटलं की सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणारे शरद पाटील आठवतात. तिथे होम्सला बसवाल तर मोर्चा येईल.

माझं मत 'माग'ला. माग म्हणजे पायांचे ठसे, उमटलेली वाट; शब्द 'मार्ग'वरून आलेला. पूर्वी चोरी झाली की गावचा जागल्या, म्हणजे राखणदार, माग काढत निघायचा. खानदेशात हे काम पुष्कळदा भिल्लांकडे असे. माग शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथे पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग जबाबदारी त्या गावाची. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुलखाची माहिती लिहून काढली, त्यात ही रीत नोंदलेली आहे. लंडनला डिटेक्टिव्ह शाखा निघायच्या आधीची गोष्ट. हरवलेल्या शर्यतीच्या घोड्याची होम्सकथा आठवा (1892). माळावर घोड्याचे ठसे दिसतात, पुढे त्यांच्या जोडीला माणसाचे दिसतात, आणि माग उलटा फिरतो. आमच्याकडचा कुठलाही गुराखी ती गोष्ट वाचून म्हणेल, यात विशेष काय?

मूळ लेखक

धुळेकर भाऊ, मोर्चाचं पटलं, आणि मागाचं त्याहून पटलं. ताई, दुरुस्ती मान्य.

मागावरून एक सुचलं. अमळनेर प्रताप मिलचं गाव, त्यामुळे माग म्हटलं की आम्हाला आधी कापड विणायचा माग दिसतो. या दोन मागांचा संबंध लावायचा मोह होतो, तो आवरतो. पण सुताचा मुद्दा सोडवत नाही. पेपरात रोज वाचतो, 'पोलिसांच्या हाती धागेदोरे'. इंग्रजी 'क्लू'चा मूळ अर्थही दोऱ्याचा गुंडा. ग्रीक कथेत थीसियस चक्रव्यूहातून बाहेर येतो तो दोरा धरून, त्यावरून. शेवटी सगळे संशयित दिवाणखान्यात बसवून पॉयरो जे करतो त्याला फ्रेंचमधून आलेला शब्द आहे 'देनुमाँ', म्हणजे गाठ सोडवणं. आपण काय म्हणतो? उकल. गाठच उकलतो आपण. 'उलगडा'सुद्धा घडी मोडण्यातला. गुन्हा म्हणजे गुंता, हे दोन्हीकडच्या लोकांना आपापलं सुचलेलं दिसतं. म्हणून 'रहस्यभेद' वगैरे शब्द मला उगाच दारूगोळ्याचे वाटतात.

एका शब्दात मात्र मराठी सरस आहे. वाचकाला मुद्दाम चुकीच्या संशयितामागे लावायचं, त्याला इंग्रजीत लाल हेरिंग म्हणतात. लाल हेरिंग म्हणजे खारवून धुरी दिलेला उग्र वासाचा मासा, कुत्र्यांना वासावरून भुलवणारा. आपल्याकडे 'दिशाभूल' लिहितात, ते सरकारी वाटतं. 'चकवा' घ्या ना! रात्री शेतातून निघालेला माणूस बांधामागून बांध ओलांडतो, आणि पहाटे बघतो तर त्याच बाभळीखाली. चांगली रहस्यकथा अगदी असंच करते. बाभूळ पहिल्या प्रकरणात दाखवलेली असते.

भुसावळकरीण

चकवा पक्का. पण सिनेमात चकवा जमवणं अवघड, दादा. पुस्तकात खुनी चार ओळींत लपतो. पडद्यावर त्या भूमिकेत नावाजलेला नट घेतला की आमच्या घरात मध्यंतराआधीच नाव जाहीर होतं. 1974 च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'नं यावर नामी तोड काढली. डब्यातले झाडून सगळेच नावाजलेले घेतले! आता बघा हेरून.

धुळेकर

आणि 'मागकाढ्या' कसा वाटतो ते त्या भाच्याला विचारा.

मूळ लेखक

विचारलं. म्हणतो, चपला शिवणाऱ्यासारखं वाटतं. आबांना मात्र आवडलाय.