1973 च्या एअरस्ट्रीमला किती द्यावेत? (फॅमिली ग्रुप)

ताई (डेटन): एअरस्ट्रीम ओव्हरलँडर (गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ॲल्युमिनियमचा कॅम्पिंग ट्रेलर), 1973 चा, 27 फुटी, मागे बाथरूम, दोन ॲक्सल. मालक 14,000 डॉलर मागतोय. बाहेरून आरशासारखा पॉलिश केलाय. शनिवारी बघायला जातेय. किती द्यावेत?

नानाकाका: पॉलिशचे पैसे धरू नकोस. किंमत ठरते ती खालच्या भागावर: चॅसी (ट्रेलर पेलणारी लोखंडी चौकट), ॲक्सल आणि प्लायवूडची जमीन.

दादा: आधी विकल्या गेलेल्यांचे भाव काढ, जाहिरातीतले नको. हीच लांबी, 1970 ते 75 मधले, लगेच कॅम्पिंगला नेता येतील असे.

ताई: तीन मिळाले. 16,500, 18,000 आणि 19,000.

दादा: मग 18,000 धर आणि हा ट्रेलर त्या अवस्थेला आणायचा खर्च त्यातून वजा करत जा. मालकाने त्यात किती ओतले, हा आपला प्रश्न नाही.

नानाकाका: आता जमीन. ॲल्युमिनियमचा सांगाडा प्लायवूडच्या कडेवर बसतो आणि बोल्ट प्लायवूडमधून चॅसीत जातात. खिडकी किंवा मागच्या बंपरपाशी पाणी शिरलं की ते भिंतीच्या आतून उतरतं आणि प्लायवूडची कड ते शोषून घेते. कड कुजली की बोल्टना धरायला काही उरत नाही. मागे बाथरूम आणि मलटाकीचं वजन, चाकांमागे लांब लोंबणारी चॅसी, त्यामुळे चॅसी खाली झुकते आणि वरचा सांगाडा तिच्यापासून सुटतो. सत्तरच्या दशकातल्या मागे बाथरूम असलेल्या ट्रेलरचं हेच खरं दुखणं.

तपासायला दोघं लागतात. एकाने मागच्या बंपरवर उभं राहून दाब द्यायचा, दुसऱ्याने बंपर आणि सांगाड्यामधल्या फटीकडे बघायचं. बंपर हलला आणि सांगाडा जागच्या जागी राहिला, तर सुटलाय. मग बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन कडेकडेने टोचत जा: बाथरूमचे कोपरे, दाराजवळ, पुढच्या खिडकीखाली. वर नवं विनाइल घातलं असेल तर कपाटांच्या आत टोच, तिथे सहसा घातलेलं नसतं.

ताई: सुटलेला निघाला तर?

नानाकाका: बाथरूम काढायचं, खालचा पत्रा उघडायचा, चॅसीला वेल्डिंग, नवं प्लायवूड, पुन्हा बोल्ट. सामान स्वस्त, मजुरी महाग. कारागिराकडून करून घेतलंस तर 4,000 तरी धर.

दादा: ॲक्सलकडे सगळे काणाडोळा करतात. यात पाटे नसतात, नळीच्या आत रबर असतं. ट्रेलर चाकांवर उभा असताना ॲक्सलपासून चाकाकडे जाणारा दांडा खाली उतरता दिसला पाहिजे. आडवा किंवा वर चढलेला असेल तर रबर मेलं. मग प्रत्येक खड्डा थेट सांगाड्याला बसतो आणि रिव्हेट उडतात. पन्नास वर्षांचं मूळ रबर चांगलं असेल, अशी आशाच नको. दोन नवे ॲक्सल ब्रेकसकट, बसवण्यासह 3,000.

नानाकाका: आणि जॅक ॲक्सलच्या नळीखाली कधीच लावू नका, नळी वाकते.

मामी (शिकागो): टायरवरच्या DOT नंतरचे शेवटचे चार आकडे बघ. 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. सहा वर्षांवरचे असतील तर नक्षी कितीही ताजी दिसो, चारही बदल. 600. फ्रिजबद्दल मालकाला आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांग. गॅसवरचा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो, तिथे जाऊन दहा मिनिटांत काही कळत नाही. आत अमोनियाचा वास आला तर नवा, 1,800.

दादा: सगळंच निघालं तर 4,000 + 3,000 + 600 + 1,800 = 9,400. उरले 8,600. भिंतीआडच्या वायरिंग-नळांसाठी हजारेक राखून ठेव. सुरुवात 7,000 पासून कर आणि 7,600 च्या वर जाऊ नकोस. जमीन धड निघाली तर 11,000 पर्यंत बिनधास्त जा.

मामी: पुढच्या-मागच्या गोलाईवर पोचे असतील तर आणखी कमी कर. सपाट पत्रा बदलता येतो, दुहेरी वळणाचा तुकडा मिळवणं आणि बसवणं फार अवघड.

नानाकाका: टायटल (मालकीचा कागद) मालकाच्या नावावर आहे का? त्यावरचा नंबर ट्रेलरवरच्या नंबराशी जुळवून बघ. जुळला नाही तर भावाची बोलणीच करू नकोस.

ताई: हो काका. बाथरूमखालचा पत्रा उघडू देतो का, तेही आजच विचारते.

नानाकाका: नाही म्हणाला तर मागची जमीन कुजली आहे असंच धरून आकडा सांग.