नागपुरात मोठ्या वयात बी.ए., बी.कॉम. केलेल्यांनो, आपापलं लिहा

काल धरमपेठेत मुलीसाठी वह्या घ्यायला गेले. शेजारी माझ्याच वयाची बाई लांब वह्या मागत होती. "मुक्त विद्यापीठाचं बी.ए. करून राहिली जी," म्हणाली. माझे ते दिवस एकदम समोर आले. बारावी झाल्याबरोबर लग्न, आणि पहिलं वर्ष थेट चाळिशीच्या तोंडावर. अभ्यासापेक्षा जड गेला तो हात. इतकी वर्षं सही आणि किराण्याची यादी यापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं, आता सलग तीन तास लिहायचं! अंगठा आखडून जायचा. मग रात्री भांडी आवरली की घड्याळ लावून पेपरातला अग्रलेख उतरवून काढायचे. फक्त हात चालावा म्हणून. पास झाले तेव्हा त्या वह्यांची थप्पी मुलीनं मोजली, मी नाही.
तुमचं कसं झालं? फी आणि फॉर्म सोडून लिहा.

*संत्राबर्फी*
उन्हाळी परीक्षा!! मे महिना, दुपारचा पेपर, अन् कूलर फक्त दाराशी. सासूबाई स्वतः तोंडाला दुपट्टा बांधून द्यायच्या, पर्समध्ये कांदा टाकायच्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. पेपर कसा गेला हे मात्र घरात सर्वात आधी त्याच विचारायच्या.

*हिंगणा रोड*
गॅप सर्टिफिकेट, म्हणजे शिक्षणात खंड का पडला त्याचं शपथपत्र. खंडाचं कारण काय, असं नोटरीनं विचारलं. बाबा गेले, मी एमआयडीसीत लागलो, दोन बहिणींची लग्नं झाली. त्यानं एका शब्दात लिहिलं, 'घरगुती'. सही करताना हात थांबला होता. नंतर मेट्रो सुरू झाली अन् लोकमान्य नगर ते सीताबर्डी हा माझा अभ्यासाचा तास झाला. शिफ्ट सुटल्यावर बसायला जागा मिळायची.

*पाचपावली*
कांद्यानं खरंच लू लागत नाही का? आमच्याकडे पन्हंच.

*संत्राबर्फी*
पन्हं घरून निघताना. कांदा सोबत. दोन्ही पाहिजे बापा 😄

*इतवारीकर*
मी रेग्युलर केलं, बी.कॉम. सकाळचं कॉलेज, मग दुकान. वर्गातली पोरं जीएसटी पुस्तकातून घोकत होती, मी त्यांना दुकानात बोलावून जीएसटीचं ३बी रिटर्न भरताना दाखवलं. स्टॅटिस्टिक्स त्यांनी माझ्याकडून करून घेतलं, गोदामात पोत्यांवर बसून. त्यातली एक मुलगी आता सीएच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तिचा निकाल माझ्या घरचाच वाटतो.

*नंदनवन*
इग्नूवाले (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) कोणी? पदवी तीन वर्षांची, पण पूर्ण करायला सहा वर्षं मिळतात, हे मला फार उशिरा कळलं. मधे आईचं आजारपण आलं तेव्हा सगळं सुटलं असं धरून बसले होते. एकूण गुणांत असाइनमेंटचे ३० टक्के आहेत, ते हलके घेऊ नका. मी दवाखान्यात आईच्या उशाशी बसून लिहिल्या.

*हिंगणा रोड*
@नंदनवन आई कशा आहेत आता?

*नंदनवन*
बऱ्या आहेत. चालतात. विचारलंत, बरं वाटलं.

*पाचपावली*
माझी आई फक्त दहावी. तिला बी.ए. करायचंय म्हणते, बाबा म्हणतात काउन करतेस आता. होईल का?

*इतवारीकर*
होईल ना! आधी बारावी. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. बाबांना माझ्या दुकानात पाठवा, चहा पाजतो अन् बोलतो.

*पाचपावली*
आईचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतला आहे, मौद्याकडे. घरी सापडत नाही.

*संत्राबर्फी*
मग फॉर्म निघायची वाट पाहू नका. शाळेत दाखल्याच्या दुय्यम प्रतीचा अर्ज आत्ताच टाका. आईंनाच सोबत न्या, सही लागेल.