मदत हवी आहे : गिझर चालू केला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर आहे, सात वर्षं झाली. वापरायला बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो.

दोन महिन्यांपासून तापताना आतून खडखड आवाज येत होता, पाणी तापायलाही वेळ लागायचा. क्षार साठले असतील म्हणून मी सोडून दिलं. तिथंच चुकलं. परवा आईंनी नळाला हात लावला तर झिणझिण्या आल्या. तेव्हापासून गिझरचा एमसीबी पाडून ठेवलाय, पाणी गॅसवर तापवतोय. काल वायरमनला बोलावलं, त्याने चालू करून बघितला तर आरसीसीबी लगेच पडला. तो म्हणतो, एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) फुटलंय, बदलू. पण अर्थिंग तपासायचं नावच काढत नाही. एलिमेंट फुटलं तरी अर्थिंग नीट असेल तर नळापर्यंत करंट यायला नको ना? मला जास्त काळजी त्याचीच आहे. घरात लहान मुलगी आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी येतं, ते चालतं हे माहीत आहे. पण आता टाकीच्या खालून तांबूस पाणी झिरपतंय. टाकीच गंजली असेल तर नुसतं एलिमेंट आणि अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत असलेली कांडी) बदलून उपयोग आहे का, की नवीनच घ्यावा? आणि मीटरपासून अर्थिंग नीट तपासून देणारा, लायसन्स असलेला माणूस विश्रामबाग-मिरज भागात कुणाच्या ओळखीचा असेल तर कृपया मेसेज करा.