अन्ननलिकेत स्टेंट: बाबांना गिळता येईल का?

प्रश्न: बाबांना अन्ननलिकेचा कर्करोग आहे. आठवडाभर पाणीसुद्धा घोटघोट उतरतंय. काल गोळी अडकली, तासभर भांडं हातात धरून बसले होते. डॉक्टर एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून, स्टेंट (वाट उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवू म्हणतात. नुसता फुगा फुगवून वाट रुंद केली तर नाही भागणार?

उत्तर १: आईला आधी फुगाच केला होता. दहा-बारा दिवसांत पुन्हा आवळलं. गाठ तिथेच असते, म्हणून तो आराम टिकत नाही. मग धातूच्या जाळीचा स्टेंट घातला. तो आत गेल्यावर आपोआप उलगडतो, पण पूर्ण फुलायला दोन-तीन दिवस लागू शकतात आणि तोवर छातीत दुखतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आई रात्रभर उशी छातीशी घट्ट धरून होती. वेदनाशामक आधीच लिहून घ्या, कृपा करून. तिसऱ्या दिवशी तिने वाटीभर सूप न थांबता संपवलं, वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, ‘अजून आहे?’

उत्तर २: स्टेंट जठराच्या तोंडाशी येणार असेल तर आम्ल वर येतं, डोक्याकडची बाजू उंच ठेवून झोपवा. पुन्हा अडलं तर लगेच दाखवा. स्टेंट सरकतो किंवा गाठ आत वाढते. ऑपरेशनचा विचार असेल, तर स्टेंटआधी सर्जनशी बोला. आतून रेडिएशनचाही पर्याय विचारा. आराम उशिरा पडतो, पण जास्त टिकतो.

प्रश्नकर्ती: वेदनाशामकाचं आजच विचारते. बाबांना सूपचं सांगितलं, कितीतरी दिवसांनी हसले.