रंधा मशीनच्या पात्यांना घरी धार लावतोय, पण ती मधे फुगीर होतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

चिपळूणजवळचं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा सागवानाचे वासे आणि तुळया जळणात घालायला मन धजेना. त्यातून जेवणाचं टेबल आणि दोन बाकं करायला घेतली आहेत. माझ्याकडे १२ इंची रंधा मशीन आहे. ड्रमवर (फिरणाऱ्या रुळावर) तीन पाती, हायस्पीड स्टीलची, ३ मिमी जाड. सागात मुळातच सिलिका असते, त्यात जुन्या लाकडातली माती आणि आत मोडून राहिलेले चुकांचे (बारीक खिळ्यांचे) तुकडे. पंधरा दिवसांत धार जाते. पातं उजेडात धरलं की धारेवर बारीक पांढरी रेघ चमकते, म्हणजे समजायचं की बोथट झालं.

गेल्या खेपेला पाती बाहेर धार लावायला दिली होती. परत आली ती कडेला निळी पडलेली, आणि पहिल्याच फळीवर धारेचे कण उडाले. फळीभर उभ्या रेघा. फार वाईट वाटलं, म्हणून आता घरीच धार लावायचं ठरवलं आहे.

जिग (पाती ठरावीक कोनात धरून ठेवणारा साचा) असा केलाय: ३ इंच रुंद, १ इंच जाड, १४ इंच लांब सागाची पट्टी. खालच्या बाजूने ४० अंशांत दोन खाचा, एकमेकींकडे कललेल्या. पात्यांचा मूळ कोन तेवढाच आहे. दोन पाती एकदम बसतात, त्यामुळे जिग डुगडुगत नाही. काचेवर ६ इंची एमरी रोल (गुंडाळीतला पॉलिश कागद) चिकटवून त्यावर लांबीच्या दिशेने घासतो. आधी १२० नंबर, मग २२०, ४००, शेवटी ८००.

धार सुरेख येते, कागद अलगद कापला जातो. पण स्टीलची पट्टी लावून पाहिलं तर मधे टेकते आणि दोन्ही टोकांना उजेड दिसतो. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या संचाची) ०.१५ मिमीची पाती सहज आत जाते. अशी पाती मशीनवर बसवली तर रुंद फळी मधे खोलगट निघते, टेबलाला ती काय कामाची? चूक जिगमध्ये आहे, माझ्या हातात आहे की काचेत? आणि पाती निळी पडली म्हणजे कायमची वाया गेली का?

प्रतिसाद:

आधी निळेपणाचं सांगतो, कारण त्यापायी चांगली पाती भंगारात गेलेली मी पाहिली आहेत. साध्या कार्बन स्टीलची पटाशी निळी पडली की तिचं पाणी उतरलं. ३०० अंशांच्या आसपास तो रंग येतो आणि तेवढ्यात ती मऊ पडते. हायस्पीड स्टीलचं तसं नाही. त्याचं टेम्परिंगच (पाणी दिल्यावर पुन्हा तापवणं) साधारण ५५० अंशांना होतं, त्यामुळे नुसत्या निळ्या रंगाने ते मऊ होत नाही. तुमचे कण उडाले ते बहुधा तापलेलं पातं एकदम पाण्यात बुडवल्यामुळे. धारेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात. अर्धा-पाऊण मिमी घासून काढा, खाली पोलाद चांगलं निघेल.

आता फुगवट्याचं. काच कशावर ठेवली आहे? फक्त कडांवर टेकली असेल तर वजनाने मधे बाकते. खोलगट पाट्यावर घासलेली वस्तू फुगीरच होणार. दुसरं, तुम्ही जिगची दोन टोकं धरून दाबत असणार. १ इंची पट्टीत दोन खाचा पडल्यावर ती वाकते आणि टोकं जास्त झिजतात. पाठीवर उभी पट्टी स्क्रूने मारा आणि हात मधोमध ठेवा. कोन जुळतोय का ते बघायला धारेच्या उतारावर मार्करने शाई लावा आणि एकच हात मारा. जिथली शाई गेली तिथेच घासलं जातंय.

तीन पाती आणि जागा दोन, तेव्हा पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-पहिलं असं फिरवा आणि हात मोजून मारा. तिन्हींचं वजन सारखं राहिलं नाही तर ड्रम थरथरेल. ओळखीच्या सोनाराकडून काट्यावर तोलून आणा.

प्रतिसाद:

मागची सपाट बाजू विसरू नका. उतार घासून झाला की मागे बोटाला खरखर लागते. पातं पालथं पूर्ण टेकवून ८०० नंबरवर दोन-तीन हात मारले की ती निघते. जरा जरी उचललंत तर धार गोल होईल.

मूळ प्रश्नकर्ता:

काका, तुमचं खरं निघालं. काचेखाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवली तर मधे आरपार गेली! बाकाची फळीच खोलगट होती. आता ओट्याच्या कामातून उरलेला १८ मिमी ग्रॅनाइटचा तुकडा घेतलाय, खाली रबरी शीट. जिगच्या पाठीवर २ इंची पट्टी मारली. प्रत्येक जोडीला साठ हात. टोकांना आता फीलर गेजची ०.०५ मिमीची पातीसुद्धा जात नाही. सोनाराच्या काट्यावर तिन्ही पात्यांत पाव ग्रॅमचा फरक आला.

काल प्लग काढून पाती बसवली. मशीनच्या मागच्या टेबलावर (जिथे रंधलेली फळी येते) सरळ लाकडी पट्टी ठेवून ड्रम हाताने फिरवला. तिन्ही पाती पट्टीला दोन्ही टोकांना ४ मिमी पुढे ढकलतात, म्हणजे तिन्ही सारख्या उंचीवर बसली. मग वाशाची एक फळी काढली. रेघ नाही, आणि काळ्या सालीखालून सागाचा तेलकट वास घरभर पसरला. आई बाहेर येऊन फळीवर हात फिरवत उभी राहिली. माजघरातला वासा तो, तिने लगेच ओळखला.